एकच ड्रॉइंग, वेगवेगळे टायटल ब्लॉक: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

एकाच ड्रॉइंगला दोन-तीन टायटल ब्लॉक (नाव-नंबर वगैरे नोंदींची चौकट) लागणं ही कॅडच्या कामातली रोजची गोष्ट आहे. सल्लागार कंपनीचा स्वतःचा टायटल ब्लॉक असतो. मालक कंपनीला तेच ड्रॉइंग तिच्या ठरलेल्या चौकटीत आणि तिच्या नंबराने हवं असतं. साइटवर ए१ कागद उलगडत बसायला जागा नसते, म्हणून ए३ वेगळी मागतात. अशा वेळी नव्या माणसाला पहिल्यांदा सुचतं ते ‘सेव्ह अ‍ॅज’. फाइलची प्रत काढायची, जुना टायटल ब्लॉक पुसायचा, नवा टाकायचा. काम लगेच होतं आणि ड्रॉइंग दिसतंही बरोबर.

दोन आठवड्यांनी पंपाच्या फाउंडेशनमधल्या बोल्टचं अंतर ६०० वरून ६५० होतं. बदल एका फाइलमध्ये होतो, दुसरीत करायचा राहतो, आणि तिसरी कुणाच्या फोल्डरमध्ये आहे हेच कुणाला आठवत नाही. आता एकाच फाउंडेशनची दोन ड्रॉइंग बाहेर फिरताहेत, दोन्हींवर सह्या आहेत, आणि काँक्रीट कुठलं पाहून ओतलं जाईल हे नशिबावर आहे. माझ्या मते ड्राफ्टिंगमधली ही सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक आहे. ती टाळायला एक नियम पुरतो: रेषा आणि मापं एकाच जागी राहतील, टायटल ब्लॉक कितीही असोत. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा नियम पाळण्यासाठीच आहेत. उदाहरणं ऑटोकॅडमधली घेतली आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

आधी कागद-पेन्सिल घ्या

सॉफ्टवेअर उघडण्याआधी प्रत्येक टायटल ब्लॉकमध्ये कोणकोणत्या नोंदी आहेत ते समोरासमोर लिहून काढा. ड्रॉइंगचं नाव, नंबर, रिव्हिजन (सुधारित आवृत्तीचा क्रमांक), तारीख, स्केल, कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, शीट किती पैकी कितवी. मग प्रत्येक नोंदीपुढे खूण करा: ही सगळीकडे तीच आहे, की टायटल ब्लॉकनुसार बदलते? नाव सहसा तेच असतं. नंबर बदलतो. रिव्हिजन कधी तीच, कधी वेगळी. स्केल कागदाच्या आकाराप्रमाणे बदलतं.

टायटल ब्लॉक नव्याने बनवायचा असेल तर आयएसओ ७२०० हे मानक आधाराला घ्या. कुठल्या नोंदी सक्तीच्या आणि कुठल्या ऐच्छिक हे २००४ च्या आवृत्तीत स्पष्ट सांगितलं आहे. कायदेशीर मालक, ओळख क्रमांक, प्रसिद्धीची तारीख, शीट क्रमांक, शीर्षक, मंजूर करणारी व्यक्ती, तयार करणारी व्यक्ती आणि दस्तऐवजाचा प्रकार या सक्तीच्या. रिव्हिजन मात्र त्यात ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात रिव्हिजनशिवाय ड्रॉइंग बाहेर पाठवू नये असं मी ठामपणे म्हणेन.

मॉडेल स्वच्छ करा

मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग जिथे काढतात त्या जागेत, खऱ्या मापाचं ड्रॉइंग राहील, दुसरं काही नाही. टायटल ब्लॉक तिथे असेल तर काढा. जुन्या फाइलींमध्ये शंभरपट मोठा केलेला टायटल ब्लॉक मॉडेलमध्येच ड्रॉइंगभोवती ठेवलेला असतो. तो तिथे असेपर्यंत दुसऱ्या चौकटीचा विचारच करता येत नाही.

रिव्हिजन क्लाउड (बदललेल्या भागाभोवतीची ढगासारखी रेघ) कुठे काढायचे यावर मतं वेगळी आहेत. अनेक टायटल ब्लॉक असतील तर ते मॉडेलमध्येच काढावेत, प्रत्येक रिव्हिजनसाठी वेगळा लेयर (दाखवता-लपवता येणारा थर) ठेवून. पेपर स्पेसमध्ये, म्हणजे छापायचं पान मांडतात तिथे, काढलेला क्लाउड त्या एका लेआउटपुरता (पानापुरता) राहतो, बाकीच्यांत तो हाताने पुन्हा काढावा लागतो आणि एखाद्यात विसरतोच. मॉडेलमधला क्लाउड सगळीकडे आपोआप दिसतो, आणि पुढची रिव्हिजन आली की जुना लेयर फ्रीझ केला, म्हणजे लपवला, की झालं.

सर्वसाधारण टिपांचंही तसंच. ‘सर्व मापे मिलिमीटरमध्ये’, ‘काँक्रीटची प्रत अमुक’ या टिपा तीन लेआउटमध्ये तीनदा टाइप केल्या असतील तर त्या ड्रॉइंगच्या तीन आवृत्त्याच समजा. टिपा मॉडेलमध्ये प्लॅनपासून दूर एका कोपऱ्यात ठेवा आणि प्रत्येक लेआउटमध्ये छोटा व्ह्यूपोर्ट (मॉडेल दाखवणारी खिडकी) टाकून त्या दाखवा. किंवा टिपांची वेगळी फाइल करून ती एक्सरेफने (संदर्भ म्हणून जोडलेली बाहेरची फाइल) जोडा. बदल एकाच जागी व्हावा, एवढंच पाहायचं.

टायटल ब्लॉक तयार करा

प्रत्येक टायटल ब्लॉकसाठी स्वतंत्र डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग) फाइल करा. मिलिमीटरमध्ये, खऱ्या कागदाच्या आकारात, डावा खालचा कोपरा शून्य-शून्यवर. बदलणाऱ्या प्रत्येक नोंदीसाठी एक भरता येणारी जागा, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट ठेवा. आता यातली महत्त्वाची गोष्ट: एकाच अर्थाच्या नोंदीला सगळ्या टायटल ब्लॉकमध्ये तोच टॅग (आतलं नाव) द्या. मालकाच्या चौकटीवर ‘डॉक्युमेंट टायटल’ छापलेलं असो आणि तुमच्या चौकटीवर नुसतं ‘टायटल’, आत टॅग एकच हवा. छापील मजकूर ही चौकटीची बाब आहे, टॅग ही माहितीची. टॅग सारखे असले की पुढे माहिती यादीत काढणं, तपासणं आणि एका ब्लॉकमधून दुसऱ्यात नेणं सोपं होतं. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, हे लक्षात ठेवून सुरुवातीलाच नावं ठरवा.

चौकटीच्या रेषा, लोगो आणि छापील मजकूर हा स्थिर भाग एक्सरेफ म्हणून ठेवावा आणि अ‍ॅट्रिब्यूटचा ब्लॉक त्यावर वेगळा बसवावा, अशीही एक पद्धत आहे. मला ती पसंत आहे. मालकाचा लोगो किंवा पत्ता बदलला की चौकटीची एकच फाइल बदलायची, सगळ्या शीटवर तो बदल उतरतो. मात्र अ‍ॅट्रिब्यूट एक्सरेफच्या आत ठेवू नका. एक्सरेफमधल्या अ‍ॅट्रिब्यूटची किंमत शीटमधून बदलता येत नाही, त्यामुळे सगळ्या शीटवर एकच नंबर येईल.

सगळं एकाच ब्लॉकमध्ये ठेवलं असेल आणि नंतर त्यात नवं अ‍ॅट्रिब्यूट घातलं, तर आधी टाकलेल्या ब्लॉकमध्ये ते दिसत नाही. त्यासाठी एटीटीसिंक ही कमांड द्यावी लागते. ती देण्याआधी एक सावधगिरी: कुणी एखाद्या शीटवर लांब नाव बसावं म्हणून अक्षरं हाताने अरुंद केली असतील, तर तो बदल एटीटीसिंक पुसून टाकते. म्हणून कमांड दिल्यावर प्रत्येक शीटवर नजर टाका.

माहिती एकदाच लिहा, फील्डने सगळीकडे दाखवा

ड्रॉइंग एकाच ठिकाणी आलं तरी नाव आणि नंबर तीन लेआउटमध्ये तीनदा टाइप होत असतील तर निम्मंच काम झालं. इथे फील्ड, म्हणजे दुसरीकडची माहिती आपोआप दाखवणारा मजकूर, कामाला येतं.

डीडब्ल्यूजीप्रॉप्स कमांड द्या. उघडलेल्या खिडकीत ‘कस्टम’ हा टॅब आहे. तिथे आपल्या नोंदी तयार करा: ड्रॉइंगचं नाव, आपला नंबर, मालकाचा नंबर, रिव्हिजन, तारीख. मग टायटल ब्लॉकच्या फाइलमध्ये अ‍ॅट्रिब्यूटची डिफॉल्ट किंमत म्हणून साधा मजकूर न लिहिता फील्ड घाला आणि ते त्या त्या कस्टम प्रॉपर्टीला जोडा. आता टायटल ब्लॉक टाकताना विचारलेल्या किमतींना फक्त होकार द्यायचा, काही टाइप करायचं नाही. नाव बदललं तर डीडब्ल्यूजीप्रॉप्समध्ये एकदा बदला आणि रीजेन (ड्रॉइंग स्क्रीनवर ताजं करणारी कमांड) द्या. त्या फाइलमधल्या सगळ्या लेआउटवर नवं नाव येतं.

फील्डच्या जागी चार आडव्या रेघा दिसल्या तर ती प्रॉपर्टी या फाइलमध्ये नाही किंवा रिकामी आहे. हॅशच्या खुणा दिसल्या तर फील्डचा संदर्भच तुटला आहे. पहिली अडचण टाळायला या कस्टम प्रॉपर्टी टेम्पलेट फाइलमध्येच, म्हणजे डीडब्ल्यूटीत, भरून ठेवा.

फील्डमागे स्क्रीनवर करडी छटा दिसते, छापताना ती येत नाही. तपासणीला तिचा फार उपयोग होतो. टायटल ब्लॉकवर झूम करा. रिव्हिजनच्या चौकोनामागे करडा रंग नसेल, तर कुणीतरी घाईत फील्ड पुसून तिथे आकडा टाइप केला आहे. आज तो आकडा बरोबर असेल, पण पुढच्या रिव्हिजनला तो जागचा हलणार नाही.

पहिला लेआउट पूर्ण करा, मगच प्रत काढा

एक लेआउट नीट तयार करा: पेज सेटअप, टायटल ब्लॉक, व्ह्यूपोर्ट, त्याचं स्केल, त्यात फ्रीझ केलेले लेयर, टिपांचा व्ह्यूपोर्ट. व्ह्यूपोर्ट लॉक करा. लॉक न करता आत शिरून चाक फिरवलं की स्केल गेलंच. सगळं मनासारखं झालं की लेआउटच्या टॅबवर राइट क्लिक करून ‘मूव्ह ऑर कॉपी’मधून प्रत काढा. प्रतीत व्ह्यूपोर्ट, स्केल आणि फ्रीझ केलेले लेयर जसेच्या तसे येतात. फक्त टायटल ब्लॉक बदलायचा. लेआउटचं नाव असं द्या की कुणाचा टायटल ब्लॉक आणि कुठला कागद हे वाचताक्षणी कळावं: ‘मालक-ए१’, ‘सल्लागार-ए१’, ‘साइट-ए३’. नाव लांबलचक ठेवलं तर टॅबवर पहिली ३१ अक्षरंच दिसतात.

यानंतर व्ह्यूपोर्टमधला एखादा लेयर एका लेआउटमध्ये फ्रीझ केला तर बाकीच्या लेआउटमध्येही करायचा आहे हे विसरू नका. भूमिती एक असली तरी काय दिसतं ते प्रत्येक व्ह्यूपोर्ट वेगळं ठरवतो. मालकाच्या शीटवर पाइपलाइन दिसते आणि साइटच्या शीटवर गायब, असे घोटाळे इथूनच होतात.

ए१ आणि ए३: इथे थोडं थांबा

ए१ म्हणजे ८४१ × ५९४ आणि ए३ म्हणजे ४२० × २९७. लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या. त्यामुळे १:५० चं ए१ ड्रॉइंग ए३ वर १:१०० होतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण कागद निम्मा झाला म्हणून चौकटही निम्मी होत नाही. आयएसओ ५४५७ प्रमाणे डावीकडे २० मिमी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना १० मिमी समास असतो, कागद कुठलाही असो. त्यामुळे ए१ वर ड्रॉइंगला ८११ × ५७४ जागा मिळते, तर ए३ वर ३९० × २७७. ८११ चे निम्मे ४०५.५ होतात, म्हणजे ए१ ची चौकट काठोकाठ भरली असेल तर ए३ वर ती बसत नाही.

टायटल ब्लॉकची रुंदीही बदलत नाही. आयएसओ ७२०० मध्ये ती १८० मिमी आहे, कारण उभ्या ए४ वर समास सोडून नेमकी तेवढीच जागा उरते. ए१ वर हा टायटल ब्लॉक कोपऱ्यात सामावतो, ए३ वर मात्र रुंदीचा जवळजवळ अर्धा भाग व्यापतो. म्हणून ए३ साठी वेगळा लेआउट मांडणंच योग्य. ए१ तयार करतानाच उजवीकडे आणि खाली थोडी जागा मोकळी सोडली तर पुढे त्रास कमी होतो.

अक्षरांचा प्रश्न आणखी निकडीचा आहे. ए१ वर २.५ मिमी उंचीची अक्षरं ए३ वर निम्मी छापली तर १.२५ मिमी होतात. साइटवर, उन्हात, धुळीने माखलेल्या कागदावर ती वाचता येत नाहीत, आणि न वाचता आलेलं माप माणूस अंदाजाने घेतो. इथे दोन रस्ते आहेत. मजकूर आणि मापं स्केलप्रमाणे आपोआप आकार बदलणारी, म्हणजे अ‍ॅनोटेटिव्ह ठेवायची आणि त्यांना दोन्ही स्केल जोडायची, म्हणजे दोन्ही कागदांवर अक्षरं २.५ मिमीच येतात, पण ए३ वर मापं एकमेकांवर चढत नाहीत ना हे बघून ती जराशी सरकवावी लागतात. दुसरा रस्ता, ए१ वरच ३.५ मिमीची अक्षरं वापरायची आणि ए३ म्हणजे निव्वळ निम्मा छाप समजायचा. गर्दीच्या ड्रॉइंगला पहिला रस्ता घ्या, साध्या लेआउट प्लॅनला दुसरा चालतो.

स्केलची नोंद मात्र कधीही नुसती ‘१:५०’ ठेवू नका. ‘१:५० ए१ वर’, ‘१:१०० ए३ वर’ असं लिहा आणि शेजारी मोजपट्टी काढा. पीडीएफ कुणी कुठल्याही कागदावर छापली तरी मोजपट्टी बरोबर राहते. स्केलची नोंद व्ह्यूपोर्टला फील्डने जोडता येते. लेआउटची प्रत काढली असेल तर ते फील्ड नव्या व्ह्यूपोर्टकडे बघतंय ना, हे एकदा पाहून घ्या.

एकच फाइल की वेगळ्या शीट फाइली?

आतापर्यंत सांगितलं ते एका डीडब्ल्यूजीत अनेक लेआउट ठेवण्याबद्दल. दोन-चार शीटच्या कामाला हे पुरतं. मालकाला किंवा कंत्राटदाराला डीडब्ल्यूजीच द्यायची असेल तर मात्र अडचण येते, कारण त्यांच्या हाती तुमचे सगळे लेआउट जातात, दुसऱ्या पक्षाचा टायटल ब्लॉक आणि नंबरसुद्धा. अशा वेळी मॉडेलची फाइल वेगळी आणि प्रत्येक पक्षाची शीट फाइल वेगळी करा. शीट फाइलमध्ये मॉडेल एक्सरेफने शून्य-शून्यवर जोडलेलं असेल, बाकी फक्त टायटल ब्लॉक आणि व्ह्यूपोर्ट.

एक्सरेफ जोडताना ‘ओव्हरले’ निवडा, म्हणजे पुढे कुणी तुमची शीट आपल्या फाइलला जोडली तर मॉडेल दोनदा येणार नाही. पाथ ‘रिलेटिव्ह’ ठेवा, म्हणजे सगळा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला तरी जोडणी तुटत नाही. व्हिसरिटेन हे सिस्टिम व्हेरिएबल १ वर असू द्या, नाहीतर शीटमध्ये लेयरच्या रंगात किंवा फ्रीझमध्ये केलेले बदल फाइल पुन्हा उघडताना निघून जातात.

शीट वेगळ्या केल्या की डीडब्ल्यूजीप्रॉप्सच्या नोंदी मात्र एकमेकींना दिसत नाहीत. त्या फाइलपुरत्याच असतात. इथे शीट सेट मॅनेजर (अनेक शीट एकत्र सांभाळणारं साधन) वापरायचा, जो ऑटोकॅड २००५ पासून आहे. प्रकल्पाचं नाव, मालकाचं नाव या नोंदी शीट सेटच्या प्रॉपर्टीत जातात, नंबर आणि शीटचं नाव शीटच्या प्रॉपर्टीत. एक लेआउट एकाच शीट सेटमध्ये राहू शकतो, म्हणून प्रत्येक पक्षासाठी एक सबसेट (शीट सेटमधला गट) करा. रिव्हिजनचा तक्ता सगळ्यांना सारखाच असेल तर तो छोट्या वेगळ्या डीडब्ल्यूजीत काढून प्रत्येक शीटला एक्सरेफने जोडा. तीन ठिकाणी तीच ओळ लिहिणं वाचतं.

इतर सॉफ्टवेअरमध्ये गोष्ट हीच, नावं वेगळी. सॉलिडवर्क्समध्ये टायटल ब्लॉक ‘शीट फॉरमॅट’मध्ये असतो आणि नोंदी कस्टम प्रॉपर्टींना जोडतात. रेव्हिटमध्ये टायटल ब्लॉक ही फॅमिली असते, पण तिथे एक व्ह्यू एकाच शीटवर ठेवता येतो, म्हणून दुसऱ्या शीटसाठी त्याचा डिपेंडंट व्ह्यू (मूळ व्ह्यूशी जोडलेली प्रत) काढावा लागतो.

दोन रिव्हिजन क्रमांकांचा गुंता

यातला सगळ्यात नाजूक भाग हाच, आणि तो सॉफ्टवेअर सोडवून देत नाही. तुम्ही ड्रॉइंग ० पासून मोजता, मालक ए, बी, सी म्हणतो. मालकाला मधल्या दोन रिव्हिजन पाठवल्याच नाहीत, तर तुमची ३ म्हणजे त्याची बी. दूरध्वनीवर कुणी ‘बी रिव्हिजनमध्ये पाहा’ म्हणालं की इकडे शोधाशोध.

उपाय असा: ड्रॉइंगची स्वतःची रिव्हिजन एकच धरा. भूमिती, मापं किंवा टिपा बदलल्या की ती वाढते. नुसता टायटल ब्लॉक बदलला, लोगो बदलला, तर ती वाढत नाही. पक्षाला पाठवलेल्या प्रतीचा क्रमांक ही वेगळी नोंद. दोन्ही नोंदी सगळ्या टायटल ब्लॉकवर असू द्या, परक्या नंबरासाठी बारीक अक्षरात एक ओळ पुरते. शिवाय एक नोंदवही ठेवा, साधी एक्सेल चालेल: आपला नंबर, आपली रिव्हिजन, मालकाचा नंबर, मालकाची रिव्हिजन, पाठवल्याची तारीख, कशासाठी पाठवलं. ‘कशासाठी’ हा रकाना गाळू नका. माहितीसाठी पाठवलेलं ड्रॉइंग बांधकामासाठी समजून वापरलं गेलं की होणारं नुकसान मोठं असतं.

पाठवण्याआधी

सगळे लेआउट पब्लिश कमांडने एकाच बैठकीत पीडीएफ करा. आज मालकाची, उद्या साइटची असं केलं की मध्ये कुणीतरी रेघ हलवतंच. पीडीएफच्या नावात त्या पक्षाचा नंबर आणि रिव्हिजन हवी. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘फायनल२’ असले शब्द नावात येऊ देऊ नका. मग दोन ए१ पीडीएफ एकमेकींशेजारी ठेवून बदललेला भाग पाहा: क्लाउड दोन्हीकडे आहे का, ६५० दोन्हीकडे आहे का. डीडब्ल्यूजी द्यायची असेल तर ईट्रान्समिट वापरा, ती एक्सरेफ, फॉन्ट आणि प्लॉट स्टाइल (छपाईची सेटिंग) सोबत बांधून देते. समोरच्याला एकच फाइल हवी असेल तर त्या प्रतीतच एक्सरेफ बाइंड करा (फाइलमध्येच कायमचा सामावून घ्या), मूळ फाइलमध्ये कधीच नाही.

आधीच प्रती झाल्या असतील तर

पुष्कळदा नव्या माणसाच्या हाती येतो तो आधीच विस्कटलेला फोल्डर: एकाच प्लॅनच्या चार फाइली, चार टायटल ब्लॉक. शेवटची तारीख असलेली फाइल बरोबर असेल असं गृहीत धरू नका, नुसती उघडून सेव्ह केली तरी तारीख बदलते. ऑटोकॅड २०१९ पासून कंपेअर कमांड आहे. ती दोन डीडब्ल्यूजींमधला फरक रंगांनी दाखवते. दोन-दोन फाइली घेऊन फरकांची यादी करा. ती यादी घेऊन डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडे बसा आणि प्रत्येक फरकासमोर कुठलं माप खरं ते लिहून, सही घेऊन या. हा निर्णय ड्राफ्ट्समनने स्वतःच्या अंदाजाने घ्यायचा नसतो. मग एक फाइल मॉडेल म्हणून ठरवा, फरक तिच्यात उतरवा, टायटल ब्लॉक पुसून वरच्या पायऱ्यांनी लेआउट उभे करा आणि रिव्हिजन एकाने वाढवा. जुन्या चारही फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये रीड-ओन्ली करून ठेवा, म्हणजे चुकूनही कुणी त्यांत बदल करणार नाही.